डावीकडची

"आवाज दोनच्या वर नेऊ नकोस," ती म्हणाली. बाळाचा आत्ता कुठे तिच्या मांडीवर डोळा लागला होता.

"रॉक बँड आणि दोनवर!" नणंदेने कपाळाला हात लावला. "वहिनी, त्यापेक्षा बातम्याच लावते ना."

तरी तिने डीव्हीडी आत सरकवली. बँडचे सगळे व्हिडिओ, पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने चौदा. वहिनीने या बँडचं नावही ऐकलं नव्हतं. शेजारी लॅपटॉप उघडा होता. राजीनाम्याचा मेल लिहून तयार, फक्त पाठवायचा बाकी. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिच्या बाळंतपणाच्या रजेपुरत्या घेतलेल्या मुलीला कायम करायचं की नाही, हे तिथल्या मॅडमना पाचपर्यंत ठरवायचं होतं.

पहिलं गाणं गच्चीवर, दुसरं पोहण्याच्या कोरड्या तलावात. नणंदेचे डोळे गाणाऱ्याला चिकटलेले. वहिनीची नजर मात्र डावीकडे. तिथे बास गिटार वाजवणारी, आखूड केसांची एक बाई, जगाची पर्वा नसल्यासारखी च्युइंगम चघळत उभी असायची.

सहाव्या गाण्यात च्युइंगम सुटलं. सातव्यात गिटार पोटावरून कुशीकडे सरकली. आठव्यात अंगावर ढगळ कोट आला.

"अगं, हिला दिवस गेलेत!"

"कोणाला? काहीतरीच तुझं. फॅशन असते ती."

"फॅशन कसली, सातवा तरी असेल."

नवव्यात डावीकडे एक दाढीवाला उभा होता. झकास वाजवत होता मेला.

वहिनीने मान पुढे काढली. "ती परत येते का गं?"

"मला काय माहीत? मी कशाला तिच्याकडे बघतेय?" नणंद हसली. "पन्नास वेळा पाहिलंय हे सगळं, पण याच्या दंडांच्या पलीकडे गेलेच नाही कधी."

दहावं, दाढीवाला. अकरावं, दाढीवाला, आता तर चांगला रुळलेला. पावणेपाच वाजले.

"पुढे पळव."

"अगं, मस्त गाणं आहे!"

"पळव म्हणते ना."

बारावंही गेलं. तेराव्यात खचाखच भरलेलं मैदान, भर उन्हातला कार्यक्रम, आणि डावीकडे आखूड केस. वहिनीने रिमोट ओढून घेतला आणि आवाज दहावर नेला. बाळ चुळबुळलं, कुशीत तोंड खुपसून पुन्हा झोपलं.

"थांब, थांब." तिने चित्र थांबवलं.

"कसले घामाघूम झालेत बिचारे," नणंद म्हणाली.

गाणाऱ्याची पाठ भिजली होती, ड्रमवाल्याच्या काखा. डावीकडचीच्या करड्या शर्टावर मात्र दोनच डाग होते. छातीवर, वाटीएवढे, गोल.

"तिचा तो घाम नाहीये," ती म्हणाली.

नणंदेने पडद्याकडे पाहिलं, मग वहिनीच्या ओल्या होत चाललेल्या कुडत्याकडे. या वेळी तिला हसू आलं नाही. तिने गुपचूप हात पुढे करून बाळाला घेतलं.

पाचला दहा मिनिटं होती. लॅपटॉप तसाच ठेवून वहिनीने फोन लावला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. दूध काढायला आपल्याकडे आतून कडी लागेल अशी एखादी खोली आहे का?"