कबरीपुरती जागा

अबेबाचा फोन वाजला, की वृंदाताई गॅस बारीक करून कान टवकारायच्या. गेले पंधरा दिवस हेच चाललं होतं. दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमधली मागची खोली त्यांनी या इथिओपियाच्या विद्यार्थिनीला भाड्याने दिली, तेव्हा सोसायटीत बरीच कुजबुज झाली होती. ताईंनी भीक घातली नाही. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेली बाई, ती सेक्रेटरीला काय भिणार?

अबेबाच्या गावची नदीकाठची कुरणं एका परदेशी कंपनीला पन्नास वर्षांच्या कराराने गेली होती. गावाला हलायला पेरणीपर्यंतची मुदत होती. तिचे म्हातारे वडील जायला तयार होते. पण तिच्या आईची कबर त्या कुरणातच होती आणि तिच्यावरून ट्रॅक्टर फिरणार होता. तेवढी जागा सोडा, इतकंच त्यांना सांगायचं होतं. सांगायचं कुणाला, ते कळत नव्हतं. कंपनीचा पत्ता मॉरिशसचा होता आणि पत्रांना उत्तर येत नव्हतं.

"कंपनी के सामने हाथ नहीं जोड़ सकते, आंटी," अबेबा म्हणाली. "कोई आदमी चाहिए."

ताईंचा जीव कळवळला. दीडशे वर्षं आम्ही हेच भोगलंय, हे गोरे सुधारायचे नाहीत, असं त्यांनी तिला कितीदा तरी सांगितलं. दोन दूतावासांना स्वतः पत्रं लिहिली. संध्याकाळी तिला समोर बसवून बाराखडी गिरवायला लावली. रिकामं मन फार छळतं, हे त्यांना नवरा गेल्यापासून ठाऊक होतं. मुलगी चिकाटीची. दुकानांच्या पाट्या ती आता अडखळत का होईना, वाचायची.

रविवारी अंशुमन जेवायला आला. ताईंचा हा एकुलता एक मुलगा, गुरुग्रामला कन्सल्टन्सीत मोठ्या हुद्द्यावर. आल्या आल्या त्याने नेहमीसारखी फाइल उघडली. वडील होते तेव्हा त्यांच्या सह्या घ्यायचा, आता आईच्या. टॅक्स, इन्शुरन्स, असलं काहीबाही असायचं. पेन्सिलीने फुली केलेल्या जागी ताई ठसठशीत मराठीत सही करायच्या, चष्मासुद्धा न लावता. चाळीस वर्षं दिल्लीत काढली तरी सही इंग्रजीत करणार नाही, हा त्यांचा हट्ट होता. सोसायटीतल्या बायकांना त्या तो कौतुकाने सांगायच्या.

पानावर बसल्यावर त्यांनी अबेबाची सगळी हकिकत त्याच्या कानावर घातली. तुझ्या ओळखीत वकील असतील, बघ ना, म्हणाल्या.

"आई, ही स्ट्रक्चर्स फार कॉम्प्लिकेटेड असतात," अंशुमन म्हणाला. "खरा मालक कोण ते कुणालाच कळत नाही. तू नको पडूस यात."

"तिच्या वडिलांना फक्त कबरीपुरती जागा हवीय रे."

त्याने गावाचं नाव विचारलं. ताईंनी सांगितलं. मग त्याने आणखी एक पोळी मागितली आणि ती तशीच टाकून उठला. पोराच्या डोक्याला फार कामं, असं म्हणत ताईंनी पान उचललं.

बुधवारी दुपारी अबेबाचा फोन वाजला. पेरणीची वाट न बघताच ट्रॅक्टर आले होते. कबर गेली होती. वडील तिथेच नांगरलेल्या मातीत बसून होते, उठायला तयार नव्हते. ताईंनी तिला जवळ घेतलं आणि त्याही रडल्या.

थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. गावच्या मास्तरांनी खटपट करून कचेरीतून कराराची प्रत मिळवली होती. त्यांनी शेवटच्या पानाचा फोटो पाठवला होता. त्यावर कंपनीच्या डायरेक्टरची सही होती, पण ती लिपी गावात कुणालाच वाचता येत नव्हती.

"कोण आहे तो, कळू दे तरी," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "माणूस आहे की कोण? मी स्वतः जाब विचारीन त्याला."

अबेबाने फोटो मोठा केला.

"आंटी, ये तो आपवाले अक्षर हैं."

ताईंचा चष्मा आतल्या खोलीत होता. घाई करू नकोस, एकेक अक्षर सुटं करून वाच, असं त्यांनी तिला समजावलं.

अबेबाने पडद्यावर बोट ठेवलं. "वृं... दा... ज... यं... त," तिने वाचलं, आणि आडनावापाशी थांबली.