नीळकंठ गुरुजींच्या शंका

नीळकंठ गुरुजी तिसऱ्यांदा उभे राहिले, तेव्हा मागच्या ओळीत बसलेल्या गौरीनं ओढणीत तोंड लपवलं. समोरच्या पडद्यावर जर्मनीच्या इस्पितळातल्या बाई होत्या. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या आणि क्लासचा अमर ते मराठीत सांगायचा. गुरुजींच्या पहिल्या दोन शंकांनीच त्याचा घसा सुकला होता.

यवतमाळच्या त्या क्लासातून अकरा नर्स मुली पुढच्या महिन्यात तिकडे निघायच्या होत्या. आठ महिने घोकून भाषेची परीक्षा पास झाल्या होत्या. राहिली होती फक्त पालकांची सही. कायद्याला तिची गरज नव्हती. पण मागच्या खेपेला एका मुलीच्या आजीनं नागपूरच्या विमानतळावर लोळण घेतली, तेव्हापासून क्लासवाले सहीशिवाय तिकीट काढत नसत. गौरी तर घरी सांगूनच बसली होती, बाबा मनापासून हो म्हणाले तरच जाईन, भांडून नाही. आणि सही न करायला एखादं भक्कम कारण हाती लागावं, एवढ्यासाठीच गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी दहालाच येऊन बसले होते.

शेजारच्या खुर्चीवर भावसिंग आला, तेव्हा मात्र ते खुलले. घाटंजीकडच्या ज्या गावात गुरुजींनी एसटीनं जाऊन-येऊन एकोणीस वर्षं शाळा केली, तिथून तीन किलोमीटरवरच्या तांड्यातला हा भावसिंग. त्याची दीपाही या अकरा जणींत होती. गुरुजींनी अमरला बोलावून सांगितलं, ही माझ्या हाताखालची मुलगी. आली तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. तांड्यावरची पोरं सगळी तशीच. एका पट्टीवर बसवायचो सगळ्यांना, आणि त्यांची बोली कानावर आली की बोलणारा बाहेर, कडुनिंबाखाली, सुट्टी होईपर्यंत. छडीला कधी हात लावला नाही हो. नुसत्या कडुनिंबावर अख्खा तांडा शुद्ध बोलायला लागला. “काय भावसिंग, आठवतं ना?”

“आठवते न गुरुजी,” भावसिंग म्हणाला होता.

गुरुजींची पहिली शंका अशी होती, की सुरुवातीला मुलीला पटकन बोलता आलं नाही, तर कोणी तिला ढ तर समजणार नाही ना? बाई प्रामाणिक निघाल्या. म्हणाल्या, काही जण समजतात. दुसरी शंका नावाची. गौरी हे नाव गुरुजींनी पोथीत बघून ठेवलेलं, ते नीट घेतील ना? बाई म्हणाल्या, जिभेवर बसायला वेळ लागतो, तोवर ‘ती इंडियन’ असंही म्हणतात. गुरुजींनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. ती दीपाच्या पिशवीतल्या शेंगा खात होती.

आणि आता ही तिसरी. वॉर्डात आपल्या दोन मुली समोरासमोर आल्या आणि आपसात मराठीत दोन शब्द बोलल्या, तर?

अमरनं विचारलं, ऐकलं, आणि जरा चाचरत सांगितलं, ड्यूटीवर असताना फक्त जर्मन. तसा नियमच आहे.

गुरुजी लालबुंद झाले. “त्यांना म्हणावं, जीभ म्हणजे चप्पल आहे का, दारात काढून ठेवायला?”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. अमरनं हे वाक्य जर्मनमध्ये नेलं नाही. गुरुजी खाली बसले, फॉर्मची घडी घातली आणि पेन खिशाला लावून टाकलं. हवं ते कारण मिळालं होतं. तरी आत कुठेतरी टोचत होतं, कारण मागं गौरीचं शेंगा सोलणं थांबलं होतं.

भावसिंगचा फॉर्म सही होऊन केव्हाच टेबलावर गेला होता. त्यानं एकही प्रश्न विचारला नव्हता. बिचाऱ्याला समजलंच नसेल, असं गुरुजींना वाटलं. गावात ते त्याला अरे-तुरे करत, पण इथे शेजारी खुर्ची असल्यानं जपून म्हणाले, “एवढं सगळं ऐकलंत, आणि तुम्ही सही केलीच कशी?”

भावसिंगनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

“पयलं वर्स पोट्टी मुकीच राह्यते, गुरुजी. लोक ढ समजते. घरी आली का भिंतीकडं तोंड करून बसते. आपण काही इचारायचं नाही. जेवाले वाढायचं. मंग एक दिवस झोपेत त्यायच्याच भाषेत बडबडते. तवा समजायचं, जमलं. आमची बायको बिजली त्या दिवशी लय रडली. कायले रडली, मले अजून समजलं नाही.”

हे क्लासच्या पुस्तिकेत कुठेच नव्हतं. “हे तुम्हाला सांगितलं कोणी?”

“कोन सांगन? पाह्यलं नं. दीपा एक डाव परदेशात राहून आली.”

“आपली दीपा? परदेशात?” तिचा पासपोर्ट मार्चमध्ये निघाला, हे गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. फॉर्म त्यांनीच भरून दिला होता. “कोणत्या देशात?”

भावसिंगच्या आवाजात टोमणा नव्हता. उलट त्यानं गुरुजींच्या खिशातलं पेन अलगद काढलं, टोपण उघडलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं.

“तुमच्या वर्गात, गुरुजी. पयली ते चौथी. करा सही. जगते पोट्टी.”