कापलेले श्वास

एफएम केंद्राला पंचवीस वर्षं झाली, म्हणून जुन्या आवाजांचा कार्यक्रम ठरला. पहिल्या निवेदिकेची रेकॉर्डिंग तिच्या नवऱ्याकडेच आली; केंद्रावर एडिटिंग तोच करायचा. जन्मभर त्याने तिच्या वाक्यांमधले श्वास कापून काढले होते.

“अहो, एखादा तरी राहू द्या! गुदमरून मरेन एक दिवस,” ती हसत म्हणायची.

गेल्या वर्षी ती दम्यानेच गेली.

आता तो काहीच कापणार नव्हता. त्याने पहिल्या दिवसाच्या थेट प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग लावलं. त्याला कधी एडिटिंगचा हातच लागला नव्हता. तरी ती सलग बोलत होती, श्वास एकही नव्हता.

त्याने हेडफोन काढला.

खुर्चीमागे कुणीतरी, बोलायच्या आधी घेतात तसा, खोल श्वास घेतला.