वेगळा विभाग

शारजातल्या अल मजाज भागात, अकराव्या मजल्यावरच्या घरी जेवता जेवता निनाद आईला आपलं काम समजावत होता. दुबईतली त्याची कंपनी युरोपातल्या एका छोट्या देशाचे विभाग नव्याने पाडून देत होती.

"श्रीमंत राजधानी गरीब गावांबरोबर मोजली की सरासरी फुगते आणि युरोपचा विकासनिधी मिळत नाही. म्हणून राजधानी एका विभागात, गावं दुसऱ्यात. मग गावं गरीब ठरतात आणि निधी पास!"

"अरे, हे तर आम्ही रेशनकार्डावर केलं होतं!" नर्मदाबाई हसल्या. "बँकेतल्या भाऊजींचं कार्ड वेगळं काढलं, तेव्हा कुठे आपलं पिवळं कार्ड झालं."

"बघ, आईंना एका घासात कळलं," त्यांची सून मुग्धा म्हणाली. "तुझ्या क्लायंटला तीन मीटिंगा लागल्या!"

नर्मदाबाईंचा व्हिजिट व्हिसा आठवड्याने संपणार होता. इथेच राहायचा व्हिसा काढतो, असं निनादने कबूल केलं होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याने कागद पुढे ठेवले, तेव्हा त्यांनी लगबगीने चष्मा लावला.

"आमच्यात धरलं तर तू नियमात बसत नाहीस गं, म्हणून वेगळी दाखवलीय," तो पेन देत म्हणाला. "इथे सही कर, खलास."

 

अर्ज रत्नागिरीच्या निराधारांसाठीच्या एका वृद्धाश्रमाचा होता, आणि 'अपत्ये' या रकान्यात, त्यांनीच पाटीवर हात धरून गिरवून घेतलेल्या वळणदार अक्षरात, निनादने लिहिलं होतं: एकही नाही.