जांभळे डाग

"चिकटतं का हो हे?" श्यामकांतांनी विचारलं, आणि अलकनंदाने साडीच्या ब्लाउजची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

दिल्लीच्या द्वारका भागातली ही नवी डॉक्टर त्यांच्या मुलीच्या, उल्काच्या वयाची होती. दिल्लीतच वाढलेली मराठी मुलगी, मध्येच हिंदीत शिरायची. "नाही अंकल. हात लावल्याने बिल्कुल नाही."

हे त्यांना आधीच्या प्रत्येक डॉक्टरने सांगितलं होतं. तरी घरात अलकनंदाचा साबण वेगळा, टॉवेल वेगळा. तिच्या पाठीला मलम तेच लावत, पण हातमोजे घालून. प्रेम नव्हतं असं नाही. ऑफिसातून रजा काढून काढून त्यांनी तिला दिल्लीभर फिरवलं होतं. पण ते भीत होते, आणि त्या भीतीचा प्लास्टिकचा स्पर्श ती वर्षानुवर्षं सोसत आली होती.

मनगटांवर, घोट्यांवर, पाठीवर जांभळट डाग. सतत खाज. कुणी इथल्या खाऱ्या पाण्याला दोष दिला, कुणी वांगी बंद करायला लावली. हळदीकुंकवाला बायका तिच्या हाताला अत्तर लावताना थबकायच्या. मग तिनेच जाणं सोडलं. आता बरं व्हायची हौसही उरली नव्हती. नुसती शांत झोप लागली असती तरी पुष्कळ होतं.

"आंटी, डाग त्वचेवर आहेत, पण मूळ लिव्हरमध्ये आहे," रक्ताचा रिपोर्ट पुढे ठेवत डॉक्टर म्हणाली. "हिपॅटायटिस सी. फार जुना व्हायरस आहे. तुमचं शरीर इतकी वर्षं त्याच्याशी लढतंय, आणि त्या लढाईत स्वतःच्याच कातडीवर वार करतंय. आता गोळ्यांनी हा जातो. तो रक्तातून येतो. कभी खून चढ़ाया गया था?"

"उल्का झाली तेव्हा. एकच बाटली," अलकनंदा म्हणाली.

"तेव्हा रक्ताची ही तपासणीच नव्हती. हा अंगात असूनही माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो. देणाऱ्यालाही कळलं नसणार."

श्यामकांतांनी खुर्ची किंचित बाजूला सरकवली. "म्हणजे कुणाचं तरी घाणेरडं रक्त…" ते म्हणाले आणि एकदम थांबले. त्यांचा चेहरा उतरला.

अलकनंदाने त्यांच्याकडे पाहिलं. बोलण्यासारखं खूप होतं, इतक्या वर्षांचं साचलेलं. पण भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं, आणि शेजारचा माणूस एकाएकी फार म्हातारा दिसू लागला होता. तिने त्यांचा गार पडलेला हात आपल्या हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ह्यांचंही रक्त तपासून घ्या. ती बाटली ह्यांनीच दिली होती."