मिरीएवढा फुगा

माझ्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला मिरीच्या दाण्याएवढा फुगा आल्याचं स्कॅनमध्ये दिसलं. "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ऑपरेशनचाच धोका जास्त," डॉक्टर म्हणाले. "न फुटलेला आहे, तसाच राहू दे. बीपी सांभाळा, वर्षाने पुन्हा बघू."

जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माझे ब्रश घरच्यांनी त्याच दिवशी कुलपात टाकले. शिंक आली तर बायको आणि मुलगी दोन्हीकडून माझं डोकं गच्च धरून ठेवायच्या. मी वैतागलो की "चिडू नका, फुटेल!" असं अख्खं घर माझ्या अंगावर ओरडायचं. मला गोष्टी फुगवून सांगायची खोड आहे खरी, पण शपथेवर सांगतो, चहासुद्धा मी ढवळायचा नाही, असा हुकूम होता.

वर्षाने डॉक्टरांनी नवा स्कॅन जुन्याशेजारी लावला. "वा! केसभरही वाढला नाही."

"मग आता पाट्या रंगवू?"

ते चकित झाले. "रंगवू नका, असं मी कधी म्हटलं होतं?"

मी छाती पुढे काढून बायकोकडे वळलो.



"बघितलंत ना डॉक्टर," ती म्हणाली, "ह्यांना वर्षभर कशाला हात लावू दिला नाही, म्हणूनच वाढला नाही!"