अळणी चहा

"आज दूध फाटले, तर उद्याच्या एसटीने मी भावाकडे!" असे बजावून मंजुळाबाईंनी चहाचे आधण चढवले. खाडीकाठच्या खाऱ्या विहिरीपायी त्या लग्नापासून कोरा, खारट चहाच पीत आल्या होत्या.

त्यांचे यजमान दाजीबा यांचा जीव टांगणीस लागला. लेकीने प्रयोगशाळेतून धाडलेला, अतिसूक्ष्म कणांचा काळा लेप दिलेला स्पंज त्यांनी त्याच खाऱ्या पाण्याच्या घंगाळात तरंगवला होता. सूर्यनारायणाने तो तापवला होता. वाफ घंगाळावरच्या तिरप्या काचेवरून थेंब थेंब ओघळून तांब्या भरला होता; आजचे आधण त्याच गोड्या पाण्याचे.

चहात दूध पडले. फाटले नाही! दाजीबांनी धोतर सावरीत अंगणात गिरकीच घेतली.

मंजुळाबाईंनी घोट घेऊन नाक मुरडले. "अहो, हा तर अळणी!" त्यांनी स्पंजावर साचलेले मीठ चिमूटभर कपात टाकले, ढवळले, भुरका मारला.

"आता आपल्या घरचा लागतो. भावालाच इकडे बोलवा!"